समासातली तारीख

माझे अब्बा कंपनीत इन्स्पेक्टर होते. शाळेत मी हे अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोलिसातले आहेत. खरं तर ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, त्यांच्या टेबलावर यायचा, ते गेज लावून माप घ्यायचे आणि जॉबला बांधलेल्या चिठ्ठीवर खूण करायचे. बरोबर असेल तर निळी, चुकलेला असेल तर लाल. त्यासाठी कंपनीतून एक जाडजूड पेन्सिल मिळायची, एक टोक लाल आणि दुसरं निळं. अब्बांनी लाल मारली की सुपरवायझरचंही काही चालायचं नाही, आणि ही गोष्ट ते आम्हाला महिन्यातून दोनदा तरी ऐकवायचे.

आम्हाला म्हणजे मला आणि शेजारच्या मावशीला. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. त्यानंतर अब्बा जुन्नरकडचं गाव सोडून मला घेऊन चिंचवड स्टेशनाजवळच्या एका पत्र्याच्या चाळीत राहायला आले. त्या काळी तिकडे शेतं आणि कारखाने एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे होते. एका बाजूला ज्वारी आणि दुसऱ्या बाजूला भोंगा. मुसलमान माणूस, त्यात बायको नाही, त्यात लहान पोर. दोन चाळींत खोली मिळाली नाही. तिसरीत मिळाली, ती शेजारच्या ख्रिस्ती जोडप्यानं मालकाकडे शब्द टाकला म्हणून.

ते दोघं नगर जिल्ह्यातले. काका अब्बांच्याच कंपनीत फाउंड्रीत होते, ओतकामाचे साचे तयार करायचे. मावशी मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. निदान आम्हाला तसंच ठाऊक होतं. रोज सकाळी कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन मी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे आणि ती माझ्या दोन वेण्या घालायची. वेणी घालताना केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. तरी मी कधी एक दिवस चुकवला नाही. आई आठवत नाही असं मी लोकांना सांगते तेव्हा मला मनातून वाटतं, मी खोटं बोलते आहे.

दोन्ही घरांत सगळ्याची देवाणघेवाण होती. ईदचा शिरखुर्मा तिकडे जायचा, नाताळच्या करंज्या इकडे यायच्या. फक्त बकरी ईदचं मटण मावशी घ्यायची नाही. अब्बा पद्धतीप्रमाणे तीन वाटे करायचे, एक घरचा, एक सग्यासोयऱ्यांचा, एक गरिबांचा. इथे आमचे सगेसोयरे कोण, म्हणून दुसऱ्या वाट्यातला पहिला डबा मावशीचा. मी डबा घेऊन जायचे आणि ती दारातूनच म्हणायची, "नको गं पोरी, माझ्या घरी नको." एरवी ती रविवारी मटण करायची, तेही चांगलं झणझणीत. मग आमचंच का चालत नाही? अब्बा तो डबा गरिबांच्या वाट्यात रिकामा करायचे. पण त्यांना लागायचं. मला तर रागच यायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीला, मी बारा वर्षांची असताना, अब्बांना एक मान चालून आला. आकुर्डीच्या बाजूला आमच्या लोकांनी पत्रे टाकून एक छोटी मशीद केली होती. गॅरेजवाले, भंगारवाले, कंपनीतले असे पंचवीस-तीस जण. तिथल्या पेशइमामसाहेबांनी अब्बांना सांगितलं, या ईद-ए-मिलादला बयान, म्हणजे प्रवचन, तुम्ही करा. उर्दू चौथी शिकलेल्या माणसाला असं कोण सांगतं? अब्बा घरी आले ते दोन इंच उंच होऊन.

विषयही ठरला. इमामसाहेबांकडे एक जुनी उर्दू पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं की आपले पैगंबर येणार ही बातमी आधीच्या ग्रंथांमध्ये, ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, शेकडो वर्षं आधी दिलेली आहे. कुठे, कोणत्या भागात, याची यादीच होती. दुसऱ्या कुणी ती यादी घडाघडा वाचून दाखवली असती आणि टाळ्या घेतल्या असत्या. पण अब्बा पडले इन्स्पेक्टर. स्वतः माप घेतल्याशिवाय ते निळी खूण कशी करणार? जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काकांना विचारलं, "भाऊ, तुमच्या पुस्तकात आमच्या पैगंबरांची बातमी हाय म्हणतात. खरं का?"

काका हसले. "म्या तर कधी वाचली न्हाई. तू शोध. सापडली तर मलाबी दाखव." आणि त्याच संध्याकाळी काळ्या पुठ्ठ्याचं, कापडात गुंडाळलेलं ते जाड शास्त्र त्यांनी आमच्या घरी आणून दिलं. ते मावशीचं होतं, तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं.

अब्बांना मराठी बोलता यायचं फर्डं, वाचता यायचं नाही. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. चार वाजता अब्बा हातपाय धुऊन, नमाजला करतात तशी वजू करून, ओट्यावर चटई टाकून बसायचे. मला आधी हात धुवायला लावायचे. दुसऱ्याचं का होईना, खुदाचं पुस्तक आहे, म्हणायचे. मग मी वाचायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात वर करायचे, म्हणजे थांब. परत वाच. मग निर्णय.

मोशेसारखा एक पैगंबर इस्राएल लोकांच्या भावांमधून उठेल, असं एका ठिकाणी आलं. अब्बांनी विचार केला. इस्राएलचे भाऊ कोण? हजरत इब्राहिमच्या थोरल्या मुलाची, इस्माईलची लेकरं. माप जुळलं. निळी. यशयाच्या भागात केदारच्या वस्त्यांनी आनंद करावा असं आलं. केदार हा इस्माईलचाच मुलगा, आणि पैगंबरसाहेब त्याच वंशातले. निळी. येशू म्हणतात, मी गेल्यावर दुसरा कैवारी येईल. हा कैवारी म्हणजे आपले पैगंबर, असं पुस्तिकेत होतं. पण पुढच्या ओळी वाचल्यावर त्यांनी मान हलवली. "काकांचे लोक याचा अर्थ वेगळा लावत असणार. तिथे दोन्ही रंगांची टिंबं दे."

हो, खुणा पुस्तकातच होत होत्या. आज हे लिहितानाही कान गरम होतात. पण तेव्हा दोघांपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. तपासलेल्या वस्तूवर खूण करायची नाही तर कुठे करायची? खूण नसलेला जॉब म्हणजे न तपासलेला जॉब. आणि पेन्सिल माझ्या हातात होती. वर्गात कुणाकडे तशी पेन्सिल नव्हती. मी ओळीखाली रेघ मारायचे आणि शेजारच्या मोकळ्या जागेत, समासात, निळी टिक किंवा लाल फुली काढायचे. मोठी काढायचे, अब्बांना दुरूनही दिसावी म्हणून.

असं करत एके दिवशी आम्ही कुर्बानीच्या गोष्टीपाशी आलो. ही गोष्ट मला पाठ होती. बकरी ईद त्यावरच तर आहे. हजरत इब्राहिमना खुदाचा हुकूम होतो की मुलाची कुर्बानी दे. ते मुलाला घेऊन निघतात, सुरी उचलतात, आणि ऐनवेळी मुलाच्या जागी दुंबा, म्हणजे मेंढा, येतो. आमच्याकडे तो मुलगा म्हणजे थोरले, हाजरच्या पोटचे इस्माईल. शास्त्रात मात्र दुसऱ्या आईच्या पोटच्या धाकट्या इसहाकचं नाव होतं, आणि त्याला एकुलता एक म्हटलेलं होतं.

अब्बांचा हात वर गेला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"थोरला जिवंत असताना धाकटा एकुलता एक कसा होईल? एकुलता एक म्हटलं तर तो थोरलाच, धाकटा जन्मायच्या आधीचा. इथे माप चुकलंय बेटा. कुणीतरी नंतर नाव बदललंय. लाल मार."

अब्बांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता. मलाही चेव चढला. मी रेघ मारली आणि फुली काढायला समासाकडे वळले, तर तिथे आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. साध्या पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, एक तारीख. तिच्याखाली, 'वय वर्षे नऊ'. दुसरीकडे जागा नव्हती. मी त्या अक्षरांवरूनच मोठी लाल फुली काढली.

मला ते दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. अक्षर मावशीचं आहे हेही कळलं होतं. पण विचारायला थांबले असते तर अब्बांची लय तुटली असती.

मिलादच्या आधी चार दिवस काका शास्त्र न्यायला आले. त्यांचा गुड फ्रायडेचा, दुःखाचा आठवडा जवळ आला होता आणि मावशीला वाचायला पुस्तक हवं होतं. अब्बांचं काम झालं होतं. कंपनीतल्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी उर्दूत सगळं उतरवून घेतलं होतं. वर त्यांनी उत्साहानं काकांना पानं उघडून दाखवली, "बघ भाऊ, निळ्या किती आल्यात!" काका कौतुकानं बघत होते. मग त्यांनी स्वतःच चार पानं मागे उलटली, आणि थांबले. बोटानं ती लाल फुली जरा चोळून पाहिली. मग पुस्तक मिटलं, कापडात गुंडाळलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंगवा घेऊन गेले तर मावशीचं दार लावलेलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी हाक मारली. भांड्यांचा आवाज थांबला, पण दार उघडलं नाही. मी तशीच उंबऱ्यावर बसून राहिले, शाळेची घंटा व्हायची वेळ झाली तेव्हा उठले, आणि विस्कटलेल्या केसांनी शाळेत गेले. बाईंनी विचारलं, आज आई आजारी आहे का? मी हो म्हटलं.

संध्याकाळी अब्बा कंपनीतून आले ते हातपाय न धुताच ओट्यावर बसले. काकांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. त्यांना एक मुलगा होता. एकुलता एक. गावाकडे घटसर्पानं गेला, नऊ वर्षांचा. त्या दिवसापासून मावशीला तिथे राहवेना म्हणून ते चिंचवडला आले. त्याच्या जाण्याची तारीख मावशीनं फक्त त्या एका पानावर लिहिली होती. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

"तिथे काही लिहिलेलं होतं?" अब्बांनी मला विचारलं.

"होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही लाल म्हणालात."

मला वाटलं, आता मार बसणार. पण अब्बांनी हात उचलला नाही. "चूक पेन्सिलीची नसते बेटा," ते म्हणाले. "इन्स्पेक्टरची असते. जॉब हातात घेतला की आधी चारी बाजूंनी फिरवून बघायचा. मी फक्त ऐकलं." आणि त्यांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढे मी शिक्षिका झाले. तीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासल्या. फुली मारायच्या आधी आजही माझी नजर समासाकडे जाते. पोरांना वाटायचं, बाईंना दिसत नाही नीट.

त्या संध्याकाळी अब्बा उठले, माझा हात धरला आणि शेजारच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. कडी वाजवली. या वेळी दार उघडलं. मावशीचे डोळे सुजलेले होते. अब्बा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"ताई, माझं माप चुकलं," ते म्हणाले. "मला माफ करा. पोरीवर राग नका ठेवू. तिला काय कळतंय? दार माझ्यासाठी बंद करा, हिच्यासाठी नको."

मावशी आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती शास्त्र घेऊन बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि तेच पान उघडून मांडीवर ठेवलं. लाल फुलीखाली तिची अक्षरं अजून दिसत होती.

"भाऊ, तुमी म्हणता थोरला. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात धाकटा," ती सावकाश बोलत होती. "त्या पोरांच्या आयांना कुणी इचारलं का? सुरी घेऊन बाप निघाला तवा आई कुठं होती? तुमच्या पुस्तकात हाय का? आमच्यात न्हाई."

अब्बांनी नाही अशी मान हलवली.

"अकरा वर्षं या पानाशी भांडतीय मी. त्यांचा वाचला. ऐनवेळेला कोकरू धाडलं. माझ्याला का न्हाई धाडलं?" तिनं फुलीवरून तळहात फिरवला. "काल हे बघितलं तवा लई राग आला. रातभर आला. मग सकाळी भांडी घासताना मनात आलं, अगं, हेच तर तुला करायचं व्हतं. या पानावर लाल मारायची हिंमत मला अकरा वर्षांत झाली न्हाई, अन् एका पोरीनं मारली."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "अन् ही काय डोक्याची दशा केलीय? कंगवा आण."

भर संध्याकाळी तिनं माझ्या वेण्या घातल्या. केस नेहमीपेक्षा जोरात ओढले. मी रडत होते, आणि मला ते केस ओढल्यामुळे नाही हे सांगायची गरज नव्हती. अब्बा अजून बाहेरच उभे होते. काकांनी आतून स्टूल आणून त्यांना बसायला दिलं.

मिलादच्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात बयान ठेवलं होतं. बायकांसाठी चादर बांधून आडोसा केला होता. मावशी माझ्याबरोबर आली, डोक्यावर पदर घेऊन. चादरीच्या भोकातून आम्ही दोघी आळीपाळीनं बघत होतो. अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा फुगलेला दिसत होता.

त्यांनी तो बाहेर काढलाच नाही. ते आफ्रिकेतल्या हबशा देशाच्या राजाची गोष्ट सांगू लागले. मक्केत पहिल्यावहिल्या मुसलमानांचा छळ होत होता. तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांच्यातल्या काही जणांना समुद्रापलीकडे हबशाला जायला सांगितलं. तिथला राजा ख्रिस्ती होता आणि न्यायी होता. मक्केवाले नजराणे घेऊन मागोमाग पोचले, आमची माणसं परत द्या म्हणाले. राजानं त्या परागंदा लोकांना विचारलं, तुम्ही काय मानता? तेव्हा त्यांनी कुराणातला बीबी मरियमचा, येशूच्या आईचा, भाग वाचून दाखवला, आणि राजाच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं नजराणे परत केले. माणसं दिली नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग अब्बा म्हणाले, "मी आठ वर्षांपूर्वी पोरीला घेऊन चिंचवडला आलो. मला दोन दारांतून परत पाठवलं. तिसरं दार ज्यांनी उघडायला लावलं, त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही की तू काय मानतोस." आणि ते खाली बसले. माझ्या शेजारी मावशी चादरीच्या भोकातून बघत होती. माझी पाळी होती, पण मी मागितली नाही.

लोक चुळबुळ करू लागले. इमामसाहेबांनी विचारलं, "मियाँ, त्या ग्रंथातल्या बातम्यांचं काय झालं? लोक त्यासाठी आलेत."

"इमामसाहेब, माझी तपासणी अजून पुरी नाही झाली," अब्बा म्हणाले. "काही निळ्या आहेत. मी मानतो त्यांना. पण एका ठिकाणी मी न बघता लाल मारली. जो इन्स्पेक्टर एकदा न बघता मारतो, त्याच्या बाकीच्या खुणा पुन्हा बघाव्या लागतात."

पुढच्या वर्षी बयान दुसऱ्याला दिलं, आणि अब्बांना पुन्हा कधी कुणी बोलावलं नाही. मला तेव्हा संताप आला होता. महिनाभर घसा कोरडा करून मी वाचलं, आणि यांनी खिशातला गठ्ठासुद्धा काढला नाही! अब्बांना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूंवर मी गणितं सोडवली.

त्या वर्षी बकरी ईद आणि नाताळ लागूनच आले. शेजारी करंज्या तळायचा वास आणि आमच्याकडे ताज्या मटणाचा. अब्बा ओट्यावर तीन वाटे करत बसले होते. मावशीचा डबा त्यांनी सवयीनं पुढे ओढला, आणि मग परत बाजूला ठेवला. या वेळी पाठवायचाच नाही असं त्यांनी ठरवलं असावं. त्या ईदचा आणि त्या पानाचा संबंध आता आम्हाला कळत होता.

तेवढ्यात मावशी स्वतःच आली. हातात तिचा पितळी डबा होता. ती ओट्याच्या कडेला बसली, तिन्ही वाट्यांकडे बघितलं आणि डबा अब्बांच्या पुढे सरकवला.

अब्बांनी निवडून चांगले तुकडे डब्यात घातले. डबा भरत आला तशी मावशी माझ्याकडे वळली.

"थोडी कलेजी घाल गं," ती म्हणाली. "त्याला लई आवडायची."

मी हात धुवायला विसरले नव्हते. घरच्या वाट्यातली सगळी कलेजी उचलून मी तिच्या डब्यात घातली.